शाळेतली शेवटची पिक्चर ट्यूब भंगारात देऊ नका

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला ध्रुवीय प्रकाशावरचा लेख मी दोनदा वाचला. मे २०२४ मध्ये लडाखमधल्या हानले इथून आकाशात जी लाल झळाळी टिपली गेली, तिच्यावर आपल्या भाषेत कुणीतरी इतकं मनापासून लिहिलं याचा आनंद झाला. पण त्यातलं एक वाक्य मला दोन दिवस टोचत राहिलं. पृथ्वी हा एक मोठा चुंबक आहे, म्हणून सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण ती लोखंडाच्या किसासारखे आपल्याकडे ओढून घेते, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. असं होत नाही. चुंबक विद्युतभारित कणाला ओढत नाही. कण धावत असेल तर चुंबक त्याला बाजूला वळवतो, आणि कण उभा असेल तर चुंबकाला त्याचं काही देणंघेणं नसतं.

मी शास्त्रज्ञ नाही, प्राध्यापक नाही. अलिबागला एसटी स्टँडच्या मागे माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, १९८६ ते २०१५. आयटीआयमधून रेडिओ-टीव्हीचा ट्रेड केला, दोन वर्षं मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका वर्कशॉपमध्ये उमेदवारी केली आणि मग गावी येऊन दुकान टाकलं. एकोणतीस वर्षं माझ्या घरची चूल ज्या गोष्टीवर पेटली ती हीच: धावणाऱ्या इलेक्ट्रॉनला चुंबक कसा वळवतो. म्हणून 'ओढतो' हा शब्द मला सोडून देता येत नाही.

जुन्या टीव्हीतली पिक्चर ट्यूब नव्या मुलांनी पाहिलेलीच नाही, म्हणून थोडं सांगतो. काचेचा मोठा फुगा, आतली हवा पूर्ण काढलेली. मागच्या निमुळत्या भागाला आम्ही नेक म्हणायचो. नेकमध्ये तापणारा कॅथोड. त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या बाजूला लावलेल्या विजेच्या दाबाने पडद्याकडे झेपावतात. २० इंची ब्लॅक अँड व्हाइट संचात हा दाब पंधरा हजार व्होल्टच्या आसपास असायचा. एवढ्या दाबाखाली इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे ७० हजार किलोमीटर होतो, म्हणजे प्रकाशाच्या वेगाचा जवळजवळ चौथा हिस्सा. पडद्याच्या आतल्या लेपावर तो आपटला की तिथे उजेडाचा एक ठिपका पडतो. एकच ठिपका. संपूर्ण चित्र, बातम्या देणारी बाई, क्रिकेटचं मैदान, सगळं त्या एका ठिपक्याने काढलेलं असायचं. ६२५ रेघा, सेकंदाला २५ वेळा. म्हणजे झोत सेकंदाला १५,६२५ वेळा डावीकडून उजवीकडे जाऊन परत येतो. हे करायला आत कुठे मोटर नाही, बिजागरी नाही, हलणारा एकही भाग नाही. नेकवर बाहेरून बसवलेली तांब्याच्या तारेची गुंडाळी, जिला आम्ही योक म्हणतो, तेवढीच.

लॅमिंग्टन रोडला माझे जे उस्ताद होते, त्यांनी पहिल्या महिन्यात एक फुटक्या ट्यूबचा योक माझ्या हातात दिला आणि विचारलं, वरखाली बसलेली ही दोन कॉइल्स झोताला कुठे नेतात? मी म्हणालो, वरखाली. त्यांनी नुसती मान हलवली. मग डावी-उजवीकडे कुठली? मी बाजूची दाखवली. पुन्हा मान हलवली. म्हणाले, उद्या सांग. मला रात्रभर सुचलं नाही. कारण माझ्याही डोक्यात तेच होतं जे आपल्या लेखात आहे, की मॅग्नेट ज्या बाजूला असेल त्या बाजूला तो ओढणार.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उलगडून दाखवलं. वरखाली बसलेली कॉइल्स झोताला डावी-उजवीकडे नेतात, आणि फेराइटच्या कड्यावर गुंडाळलेली दुसरी जोडी, जिचं चुंबकीय क्षेत्र डावी-उजवीकडे असतं, ती झोताला वरखाली नेते. कारण चुंबकाचा जोर क्षेत्राच्या दिशेनेही लागत नाही आणि झोताच्या दिशेनेही लागत नाही. तो दोघांनाही काटकोनात लागतो. योकचा क्लँप ढिला होऊन योक जरासा फिरला तर अख्खं चित्र तेवढंच तिरकं व्हायचं. झोताला वरखाली नेणाऱ्या कॉइलच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या तर चित्र उलटं. माझ्या हातून दुकान टाकल्यावर पहिल्याच वर्षी झोताला डावी-उजवीकडे नेणाऱ्या जोडीच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. गिऱ्हाइकाने घरी नेऊन संच लावला आणि पडद्यावरची सगळी अक्षरं आरशात पाहिल्यासारखी. तो बिचारा आठ किलोमीटरवरून सायकलच्या कॅरिअरला टीव्ही बांधून परत आला. त्या दिवसापासून योकच्या प्रत्येक तारेला मी रंगीत चिकटपट्टी लावायचो.

माझं आजोळ घाटावर. तिथे खळ्यात मळणी चालायची तेव्हा मेढीला बैल बांधलेले असत. चालण्याचं बळ बैलाचं. मेढीचा दोर त्याला पुढे ढकलत नाही, नुसता वळवत ठेवतो, म्हणून बैल सरळ न जाता गोल फिरतो. बैल उभा राहिला की दोर ढिला. माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येक मुलाला मी हे सांगितलं. इलेक्ट्रॉनला वेग देतो तो व्होल्टेजचा दाब. चुंबक त्याचा वेग वाढवतही नाही, कमीही करत नाही, दिशा तेवढी बदलतो. मेढ आणि चुंबक यांत एक फरक मात्र आहे आणि तो मुलांना सांगावा लागतो: बैलाला मेढीकडे धरून ठेवणारा दोर असतो, चुंबकाचा जोर मात्र चुंबकाकडे नसतो, तो आडव्या दिशेला असतो. उभ्या विद्युतभाराचं म्हणाल तर केसांवर घासलेला कंगवा दोऱ्याने टांगून पाहा. त्याच्याशेजारी मॅग्नेट धरा की तेवढाच दगड धरा, कंगव्याला फरक कळत नाही.

आता माझ्या नातवाचं सांगतो, कारण हे पत्र खरं तर त्याच्यामुळे लिहितोय. तो दहावीला आहे. विज्ञानाच्या पुस्तकात 'विद्युतधारेचे परिणाम' या धड्यात फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आहे. तर्जनी चुंबकीय क्षेत्राची, मधलं बोट विद्युतधारेचं, अंगठा बलाचा. त्याचं पाठ आहे, सरावाच्या पेपरात पूर्ण गुणही मिळाले. आणि तरी एका संध्याकाळी वही मिटून त्याने मला विचारलं, "आजोबा, हे खरंच असं होतं का, की फक्त बोटांचं आहे?"

माळ्यावरून १२ इंची ब्लॅक अँड व्हाइट संच काढला. पावसाळ्याचे दिवस, तासभर तो बल्बखाली कोरडा केला. मागचं झाकण मी काढलं, नातवाला लांब उभं केलं, झोताला वरखाली नेणाऱ्या कॉइलची जोडणी सोडवली आणि झाकण पुन्हा लावून संच सुरू केला. आता झोत वरखाली जाऊ शकत नाही, म्हणून काळ्या पडद्याच्या मधोमध फक्त एक आडवी पांढरी रेघ. खाऱ्या हवेने ही कॉइल तुटली किंवा तिला चालवणारा आयसी गेला की आमच्या किनाऱ्यावरच्या निम्म्या टीव्हींवर हीच रेघ यायची. ब्राइटनेस अगदी कमी ठेवला, नाहीतर त्या रेघेने पडद्याचा लेप जळतो. मग जुन्या स्पीकरचं गोल मॅग्नेट त्याच्या हातात दिलं. होकायंत्राने त्याची उत्तर बाजू आधीच शोधून खडूने खूण केली होती.

मी म्हणालो, उजव्या बाजूने, उत्तर बाजू ट्यूबकडे करून हळूहळू जवळ आण. रेघ कुठे जाईल ते आधी बोल. तो म्हणाला, मॅग्नेटकडे, उजवीकडे. त्याने हात पुढे नेला. रेघ उजवीकडे गेली नाही. तिचं उजवं टोक वर उचललं जायला लागलं. झाडाच्या फांदीसारखी ती रेघ उजवीकडून वर वाकली. त्याने हात मागे घेतला, रेघ सरळ. पुढे नेला, पुन्हा वर. मग माझ्या न सांगताच त्याने मॅग्नेट उलटं केलं आणि रेघ खाली वाकली. दहा-बारा वेळा त्याने तेच केलं. मग मॅग्नेट खाली ठेवून डावा हात उचलला आणि बोटं लावून पाहू लागला. तर्जनी डावीकडे, मधलं बोट माझ्याकडे, असं धरून म्हणाला, "आजोबा, उलटं येतंय." त्याचं बरोबर होतं. झोत आपल्याकडे येतो खरा, पण तो इलेक्ट्रॉनचा, ऋण भाराचा. म्हणजे धारेची दिशा उलटी, पडद्यातून आत जाणारी. मधलं बोट टीव्हीकडे केलं, आणि अंगठा वर आला. त्याच्या तोंडावरचा तो भाव मी विसरणार नाही. परीक्षेत धनभार की ऋणभार यावर मुलं हमखास चुकतात, असं मला एका शिक्षिकेने सांगितलं होतं. हा मुलगा आता चुकणार नाही, कारण त्याने आधी रेघ पाहिली आणि मग नियम लावला.

दुकानातला आणखी एक अनुभव सांगण्यासारखा आहे. ट्यूबला हजारो व्होल्टचा दाब देणारा ईएचटी ट्रान्सफॉर्मर अशक्त झाला की गिऱ्हाईक म्हणायचं, टीव्हीत माणसांची तोंडं सुजल्यासारखी दिसतात. चित्र खरंच फुगायचं, कडांच्या बाहेर जायचं आणि फिकं पडायचं. योक तोच, त्यातली धारा तीच. मग चित्र मोठं का? दाब कमी झाला म्हणून इलेक्ट्रॉन हळू झाले. हळू झालेला इलेक्ट्रॉन योकच्या क्षेत्रात जास्त वेळ राहतो आणि जास्त वळतो. वेगवान कण कमी वळतो, मंद कण जास्त वळतो, हे मला कुठल्याही सूत्राआधी एका मच्छीमार कुटुंबाच्या सुजलेल्या चित्राने शिकवलं. नंतर कळलं की १८९७ साली केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांनी अशाच काचेच्या नळीत झोत चुंबकाने वाकवून आणि विजेच्या पट्ट्यांनी परत सरळ करून इलेक्ट्रॉनचा भार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर काढलं होतं. त्याच साली जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनंड ब्राउन यांनी आमच्या पिक्चर ट्यूबची आजी म्हणावी अशी नळी बनवली. हॉलंडच्या लॉरेंट्झ यांनी या जोराचा नियम त्याच्या दोनच वर्षं आधी, १८९५ ला, नीट मांडला होता. बारावीच्या मुलांना तो 'लॉरेंट्झ बल' म्हणून शिकवतात.

आता आपल्या लेखाच्या विषयाकडे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकाकडे येतो. त्याचीही ओळख मला टीव्हीनेच झाली. रंगीत टीव्ही आले तेव्हा घरोघरी एक तक्रार असायची. बाईंनी दिवाळीत हॉलची मांडणी बदलली, टीव्ही पूर्वेच्या भिंतीवरून उत्तरेच्या भिंतीला नेला, आणि लगेच कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग. लोकांना वाटायचं, हलवताना काहीतरी तुटलं. काही तुटलेलं नसायचं. रंगीत ट्यूबचा दाब पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास, तरीही पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्या झोताला वळवतं. मी एकदा बसून हिशेब केला होता. क्षेत्र झोताला काटकोनात असेल तर ३० सेंटीमीटरच्या प्रवासात तो साधारण ३ मिलिमीटर सरकतो. पडद्यावरच्या लाल, हिरव्या, निळ्या पट्ट्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. म्हणजे लालवर पडायचा झोत हिरव्यावर पडणार. म्हणून ट्यूबला आतून लोखंडी पत्र्याचं कवच असायचं आणि पाठीमागे डीगॉसिंगची, म्हणजे साचलेलं चुंबकत्व पुसून टाकणारी, कॉइल. टीव्ही सुरू करताना जो एक 'घुंऽऽ' असा आवाज यायचा, तो तिचा. ती बिघडली की मी सायकलच्या रिमएवढी कॉइल घेऊन घरी जायचो, पडद्यासमोर गोल गोल फिरवत सहा-सात फूट मागे यायचो आणि मगच बटण बंद करायचो. पडद्यासमोरच बटण सोडलं तर डाग आणखी पक्का व्हायचा. पोरांनी रंगीत पडद्याला मॅग्नेट लावलं तर तो डाग राहतो, कारण आतली पोलादी जाळी चुंबकित होते. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये जाळीच नाही, मॅग्नेट दूर नेलं की सगळं पूर्ववत. शाळेसाठी मी ब्लॅक अँड व्हाइटच का सांगतो, त्याचं कारण हे.

आमच्या बैठकीच्या खोलीत जे क्षेत्र झोताला तीन मिलिमीटर सरकवतं, तेच क्षेत्र सूर्याकडून येणाऱ्या कणांनाही वळवतं. हे कण साधारण सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाने येतात. सूर्याच्या बाजूला पृथ्वीपासून सुमारे ६० हजार किलोमीटरवरच त्यांतले बहुतेक बाजूला वळवले जातात आणि पृथ्वीला वळसा घालून निघून जातात. पृथ्वी त्यांना ओढत असती तर सगळ्यात जास्त मारा आपल्या डोक्यावर झाला असता. मग ध्रुवाकडे प्रकाश का दिसतो? कारण क्षेत्राच्या रेषेला समांतर धावणाऱ्या कणावर जोरच लागत नाही. रेष ओलांडायला गेलं की वळावं लागतं, रेषेवरून जायला कुणी अडवत नाही. म्हणून चुंबकीय क्षेत्रात सापडलेले इलेक्ट्रॉन रेषांभोवती मळसूत्रासारखे फिरत फिरत, जिथे त्या रेषा जमिनीकडे उतरतात तिथे, म्हणजे ध्रुवांकडे जातात. तिथल्या ऑक्सिजनवर आपटून उजेड पाडणारे हे इलेक्ट्रॉन साधारण काही हजार व्होल्टचे असतात, आमच्या ट्यूबमधल्यांचे सख्खे भाऊच. लेपाच्या जागी हवा आणि काचेच्या जागी आकाश, एवढाच फरक. खालच्या थरात हिरवा, दोनशे किलोमीटरच्या वर लाल. हानलेहून लाल दिसला तो त्या उंचीमुळे. तो प्रकाश होता दूर उत्तरेला, पण इतका उंच की क्षितिजावरून डोकावला.

अलिबागच्या माणसाला हे जास्त जवळचं आहे. मुंबईच्या कुलाब्याला १८२६ साली वेधशाळा उभी राहिली. (आमच्या जिल्ह्याचंही जुनं नाव कुलाबाच, त्याच्याशी गल्लत नको.) १८४० च्या दशकापासून तिथे पृथ्वीच्या चुंबकाची मोजणी चालू होती. २ सप्टेंबर १८५९ ला सूर्यावरून आलेलं जे प्रचंड वादळ पृथ्वीवर आदळलं, त्याची नोंद कुलाब्यात झाली. क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं माप, नॅनोटेस्ला त्याचा अब्जावा भाग) खाली आला होता. जगभरचे अभ्यासक आजही त्या कागदांकडे वळतात, आणि ते कागद आपल्या मुंबईत, हाताने, डोळे ताणून लिहिलेले आहेत. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या धारेनेही चुंबकीय क्षेत्र तयार होतं, वेधशाळेतल्या चुंबकसुया त्यानेच थरथरल्या असत्या. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात, १९०४ साली, चुंबकीय वेधशाळा अलिबागला आणली. दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप केलं, म्हणजे जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा तुटू नये. इमारत चुंबकीय गुण नसलेल्या दगडाची, आणि धातूकाम तांब्या-पितळेचं. आता ती भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. आमच्या गावातून जाताना त्या आवाराकडे पाहून मला नेहमी त्या दोन वर्षांच्या दुहेरी मोजणीची आठवण येते. इतकी काळजी माणसं घेत होती.

आणि आपण मात्र पिक्चर ट्यूब मोडीत काढताना एकही शिल्लक ठेवली नाही.

साधारण २००९ मध्ये मी आमच्या भागातल्या एका शाळेला १२ इंची चालू संच प्रयोगशाळेसाठी दिला होता. मॅग्नेटसह. तिथल्या सरांनी दरवर्षी मुलांना तो दाखवला, मीही दोनदा गेलो. सर निवृत्त झाले. मागच्या वर्षी कळलं की मोडक्या बाकांबरोबर तो संच भंगारात गेला. मी भंगारवाल्याकडे गेलो. त्याने तांब्यासाठी योक काढताना नेक फोडलेली होती. काचेचा फुगा पालथा पडलेला, आतला लेप पावसाच्या पाण्याने वाहून खाली पांढरा ओघळ. योकच्या तारेचे जेमतेम काही रुपये आले असतील. त्या शाळेवर माझा राग नाही. जागा नसते, नवा माणूस येतो, त्याला ती वस्तू काय आहे ते कुणी सांगितलेलं नसतं. पण त्या भागात धावता विद्युतभार डोळ्यांनी वळताना पाहायची तेवढी एकच जागा होती.

मोबाइलवर याची चित्रफीत सापडते, हे मला माहीत आहे. नातवाने ती आधीच पाहिलेली होती. पण तिच्यात मॅग्नेट दुसऱ्याच्या हातात असतं. हात आपला असला आणि रेघ चुकीच्या बाजूला गेली की डोक्यातला 'ओढतो' हा शब्द आपोआप गळून पडतो. हा शब्द किती ठिकाणी नुकसान करतो पाहा. जत्रेत चुंबकाचे कडे विकणारा सांगतो, हे रक्तातलं लोह ओढून रक्ताभिसरण सुधारतं. रक्तातलं लोह खिळ्याच्या लोखंडासारखं नसतं. एमआरआयच्या यंत्रात दीड टेस्लाचं क्षेत्र असतं, पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीसेक हजार पट, आणि त्यात झोपलेल्या माणसाचं रक्त एका बाजूला गोळा होत नाही. माझ्या बहिणीने असं कडं हजार रुपयांना घेतलं होतं आणि ते घालून ती रक्तदाबाची गोळी विसरायला लागली होती. म्हणून म्हणतो, हा शब्द साधा नाही.

म्हणून आपल्याला दोन विनंत्या. पहिली, त्या वाक्याची दुरुस्ती छापावी. लेखकाचा हेतू चांगलाच आहे आणि लेख मुलं कापून वहीत चिकटवतात.

दुसरी, आपल्या वाचकांपर्यंत एवढं पोहोचवावं. कुणाच्या माळ्यावर चालू किंवा थोडा बिघडलेला ब्लॅक अँड व्हाइट संच असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी जवळच्या शाळेला विचारा. प्रक्षेपण येत नसलं तरी चालतं, पडद्यावरच्या नुसत्या मुंग्याही मॅग्नेटने सरकताना दिसतात. मागचं झाकण मात्र शिक्षकांनीही उघडू नये. संच बंद केल्यावरही ट्यूबमध्ये भार राहतो आणि तो जोरदार झटका देतो. ट्यूब पडली तर आत हवा नसल्याने ती फुटते तेव्हा काचा लांबवर उडतात, म्हणून टेबल भक्कम हवं, संच भिंतीला लागून हवा. मॅग्नेट बाहेरून, पडद्याच्या काचेजवळच धरायचं. आडव्या रेघेची जोडणी जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावी. आमच्या वयाचे असे मेकॅनिक प्रत्येक तालुक्याच्या गावात अजून दोन-चार तरी आहेत, आता बहुतेक मोबाइलच्या कव्हरांच्या दुकानात बसतात. त्यांना विचारा, नाही म्हणणार नाहीत. आणि ट्यूब अगदीच गेलेली असेल तर काचेत शिसं असतं, ती उकिरड्यावर टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या.

माझ्याकडे आज तीन संच चालू स्थितीत आहेत. अलिबाग, मुरूड आणि रोहा या तालुक्यांतल्या ज्या शाळांना हवे असतील त्यांच्याकडे मी स्वतः येऊन लावून देईन, रेघेची जोडणी बाहेर एका स्विचवर काढून देईन, म्हणजे झाकण उघडायचा प्रश्नच राहणार नाही. पैसे नकोत. शाळेने एक भक्कम टेबल, पाच अँपिअरचा एक प्लग आणि आठवी ते दहावीच्या मुलांचा एक तास द्यावा. मॅग्नेट मी आणीन, उत्तर बाजूला खडूची खूण करून. रेघ कुठे जाईल हे प्रत्येक मुलाने मॅग्नेट जवळ नेण्याआधी कागदावर लिहायचं, एवढी माझी अट आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त टीव्ही मेकॅनिक, अलिबाग
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे. शाळांनी आपल्या कार्यालयामार्फत संपर्क साधावा.)